मृण्मयीची कक्षा

चहा गाळून झाल्यावर कुमुदताई दळवींनी ओट्यामागच्या भिंतीवरचा पडदा चालू केला. लडाखमधल्या स्वयंचलित दुर्बिणीने टिपलेला मृण्मयीचा प्रकाशवक्र रोज सकाळी त्यावर उमटायचा, आणि मेथी निवडत बसलेले त्यांचे यजमान वसंतराव विचारायचे, "बरी आहे ना?" साताऱ्यातल्या त्या घरातला हा शिरस्ता जुना होता.

मृण्मयी म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला एक लघुग्रह. बटाट्यासारखा ओबडधोबड. स्वतःभोवती फिरताना त्याची कधी रुंद, कधी अरुंद बाजू समोर येई, उजेड कमीजास्त होई, आणि वक्र लाटेसारखा दिसे. आज पडद्यावर सरळ रेघ होती.

कुमुदताईंनी दुर्बीण तपासली, शेजारचे तारे तपासले. सगळं जिथल्या तिथे होतं. मृण्मयी फिरायची थांबली होती.

"काय गं?" वसंतरावांनी विचारलं.

"थांबा जरा," म्हणत त्यांनी इरफान मुजावरला फोन लावला. इरफान त्यांचा खगोलशास्त्राचा जुना विद्यार्थी, आता अवकाश-खनिज खात्यात अधिकारी.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, मीच कळवणार होतो. धीर झाला नाही. खाणयान पोचलंय तिथे. फोडायच्या आधी गिरकी थांबवावी लागते, नाहीतर तुकडे भिरकावले जातात."

"फोडायच्या आधी," कुमुदताई पुटपुटल्या.

त्यांची लेक मृण्मयी शाळकरी वयातच मेंदूज्वराने गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात, संगणकाने निरुपयोगी म्हणून बाजूला टाकलेल्या छायाचित्रांत त्यांना ताऱ्यांमधून सरकणारा एक ठिपका सापडला. कक्षा पक्की होऊन त्याला क्रमांक मिळेपर्यंत वर्षं गेली. नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याचा. त्यांना विचार करावा लागला नाही. मृण्मयीची सूर्याभोवतीची फेरी चार वर्षांहून थोडी मोठी, पण पृथ्वीही फिरत असल्यामुळे साधारण दर सोळा महिन्यांनी ती आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला, म्हणजे आपल्याला सर्वांत जवळ येई. त्या दिवशी घरात शिरा व्हायचा.

"लाखो लघुग्रह आहेत, इरफान. हाच का?"

"कक्षा जवळजवळ वर्तुळाकार, पृथ्वीच्या कक्षेशी कलही अगदी थोडा, त्यामुळे इंधन कमी लागतं. तसे आणखीही आहेत, मॅडम. पण इतकी काटेकोर मोजलेली कक्षा दुसऱ्या एकाचीही नव्हती. सगळी तुमचीच निरीक्षणं."

कुमुदताई स्टुलावर टेकल्या. लेकीची खुशाली म्हणून टिपलेला एकेक आकडा त्यांनी जगासाठी खुला ठेवला होता. घरचा पत्ता आपणच दिला होता.

"थांबवता येईल?"

"नाही. कापणी सुरू झालीये."

"आणि नाव?"

"यादीत राहील. पुढे 'अस्तित्वात नाही' असा शेरा पडेल." इरफानचा आवाज खाली गेला. "आणखी एक आहे. उरलेले तुकडे त्याच कक्षेत पांगतील, पुढच्या यानांना धोका होईल. त्यांच्या कक्षा कुणीतरी मांडायला हव्यात. खात्यात तुमचं नाव निघालं. मी नको म्हटलं होतं."

कुमुदताईंनी पडद्यावरच्या सरळ रेघेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाठव माझ्याकडे. परक्याच्या हाती कशाला?"

फोन ठेवून त्यांनी वसंतरावांना सगळं सांगितलं, काही न लपवता. वसंतरावांनी मान हलवली आणि ते निवडलेल्या मेथीत देठं मिसळत राहिले. त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.

काही महिन्यांत पडद्यावरचा ठिपका फिकट झाला, लांबट झाला, आणि एके सकाळी त्याचे अनेक ठिपके झाले. एकाच वाटेवरून ते एकमेकांपासून दूर चालले होते. कुमुदताई एकेकाला क्रमांक देत होत्या. वसंतराव उठून पडद्याजवळ आले, चष्मा वर सारून कितीतरी वेळ बघत राहिले.

"कुमुद," ते म्हणाले, "आता यातल्या कुणाला मृण्मयी म्हणायचं?"