बारा तासांची भिंत

दुपारचे साडेबारा वाजले होते आणि नगरमंदिराच्या भिंतीतून काल रात्रीची पार्टी ऐकू येत होती.

आत चिटपाखरू नव्हतं. महापालिकेचं ते जुनं नाट्यगृह संध्याकाळी सहापर्यंत कुलूपबंदच असायचं. तरीही राखाडी भिंतीतून स्पीकरचा धडधडाट, शिट्ट्या आणि कोणाचं तरी बेसूर किंचाळणं बाहेरच्या हिरवळीवर येत होतं. हिरवळीवर मांडव होता आणि मांडवात सुनावणी चालली होती. आवाज स्वतःच्या कानांनी ऐकूनच निकाल द्यायचा, असं उपायुक्त बोंगाण्यांनी ठरवलं होतं.

डॉ. मंदाकिनी रसाळ पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. ही विलंबभिंत त्यांची. आज मंजुरी मिळाली की पालिकेच्या अकराही सभागृहांना तशाच भिंती बसणार होत्या. बदल्यात बोंगाण्यांनी एक शब्द दिला होता: महिन्यातली एक रात्र गाण्याच्या बैठकीसाठी, थेट पहाटेपर्यंत. पहिली बैठक येत्या शनिवारी. त्या एका रात्रीसाठी रसाळबाईंनी बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढली होती.

बोंगाणे मूळचे स्थापत्य अभियंते. भिंतीवर बोटं वाजवत त्यांनी विचारलं, "बाई, आवाज हिच्यात मरतो की अडकतो? नोंदीत घ्यायचंय."

"मरत नाही. उशिरा पोचतो," रसाळबाई म्हणाल्या. "आत कोट्यवधी स्फटिकपोकळ्या आहेत. बांधकामावर घमेलं कसं हातोहात जातं? तशी प्रत्येक पोकळी आवाजाची लाट पुढच्या पोकळीच्या हाती देते. फक्त देण्याआधी जरा धरून ठेवते. या टोकाचं घमेलं त्या टोकाला बरोबर बारा तासांनी पोचतं. वाटेत सांडत काही नाही."

"आणि बाहेरचा आवाज आत?"

"तोही बारा तासांनीच. भिंतीला आत-बाहेर कळत नाही. वरचा घुमट, दारं, सगळं त्याच पदार्थाचं आहे."

"म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर मुंगीच्या पावलाएवढाही आवाज नाही. नियमात बसतं."

"नियमात बसत असेल साहेब, माझ्या डोक्यात बसत नाही!"

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले. अरुणा दुधभाते, नाट्यगृहामागच्या चाळीत राहणाऱ्या, इस्पितळात कायमच्या रात्रपाळीच्या नर्स.

"माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते. तुमचा दहाचा नियम कोणाच्या झोपेसाठी? माझ्या पेशंटच्या नळ्या मी पेंगत लावू?"

"सिस्टर, दिवसा झोपणारे असे कितीसे असणार?" रसाळबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "दोनशे घरांत तुम्ही एकट्या."

"एकटी? पाववाले, दूधवाले, पहारेकरी, रिक्षावाले मोजलेत कधी? स्वतःचं अंगण झाडायचं आणि केर शेजारच्या दारात लोटायचा. त्याला तुमच्यात शोध म्हणतात वाटतं!"

मांडवात हशा पिकला. रसाळबाईंचे कान तापले.

"तुम्हाला गाण्यातलं काय कळणार?"

"गाण्यातलं नाही कळत. झोपेतलं कळतं. आणि हे जे धडधडतंय ना भिंतीत, हे गाणं असेल तर माझा प्रेशर कुकर उस्ताद आहे."

तो धडधडाट रसाळबाईंनाही किळसवाणा वाटत होता. पार्ट्या त्यांनी मागितल्या नव्हत्या. त्यांचे वडील याच नाट्यगृहात दिवे सांभाळत. लहानपणी पडद्याआड सतरंजीवर आडवं व्हायचं, झोप लागली की तंबोऱ्यांच्या आवाजानं जाग यायची, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर कोणीतरी सावकाश मालकंस सुरू करायचं. वडिलांच्या हाताखालचा पोरसवदा सोपान घोडके शेजारी बसून त्यांना म्हणायचा, "मंदा, झोपू नकोस, आत्ता खरी मजा आहे." त्या विशीत होत्या तेव्हा दहाचा नियम आला. तेव्हापासून बैठका चारला सुरू होऊ लागल्या आणि उत्तररात्रीचे राग चहा-बिस्किटांबरोबर उरकले जाऊ लागले.

सोपान अजूनही इथेच होता, रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून. शेवटचा माणूस बाहेर गेला की तो दारं आतून लावी, दिवे तपासत एक फेरी मारी आणि मग मागच्या दारानं बाहेर पडून फाटकाजवळच्या केबिनमध्ये येऊन बसे. सकाळी सहाला सायकलवरून घरी. आज येताना त्याची सायकल फाटकाशी टेकलेली बाईंना दिसली होती. म्हातारा कुठेतरी कलंडला असेल, असं म्हणून त्या पुढे आल्या होत्या.

बरोबर एक वाजता स्पीकर थांबले. भिंतीतून खुर्च्या सरकल्याचे, हसण्याखिदळण्याचे, मग दारं लागल्याचे आवाज आले. बोंगाण्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"दिवसाच्या मर्यादेपेक्षा आवाज कमीच आहे. सिस्टर, तुमची तक्रार मानवी आहे, पण कायद्यात..."

भिंतीत काहीतरी धाडकन कोसळलं. पाठोपाठ आवाज आला, "आई गं!"

"जास्त झालेली दिसते कोणाला तरी," मागून कोणीतरी म्हणालं.

"मंदा! मंदा, ऐक."

रसाळबाई उभ्या राहिल्या. चारचौघांत सोपान त्यांना नेहमी मॅडम म्हणायचा.

"मी सोपान बोलतोय. पार्टीवाल्यांनी वायरी ओढायला तळघराचं झाकण काढलं, ते उघडंच टाकून गेले. खाली पडलोय. मांडीत सळई घुसलीय, रक्त थांबत नाही. फोन केबिनमध्ये राहिला." धाप लागली होती त्याला. "आत्ता हाका मारून उपयोग नाही, तुझी भिंत मला ठाऊक आहे. पण उद्या दुपारी तू इथंच असशील. ऐकलंस की ये गं लगेच."

किल्ली सापडेपर्यंत चार मिनिटं गेली. तळघरात सगळ्यांच्या आधी उतरल्या त्या दुधभाते. सोपान भिंतीला टेकून बसल्यासारखा पडला होता. मांडीवर स्वतःच आवळलेलं उपरणं काळं पडलं होतं. सिस्टरांनी मानेवर दोन बोटं ठेवली.

"नाडी आहे. धाग्याएवढी. ॲम्ब्युलन्स बोलवा."

स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा रसाळबाई धडपडत मागे निघाल्या. "सिस्टर, मी येते बरोबर."

"तुमचं तिथं काय काम?" दुधभाते गरकन वळल्या. "शुद्ध कधी गेली, हे डॉक्टर पहिलं विचारतील. मी काय सांगू? इथं माहीत आहे कोणाला?" त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "तिलाच माहीत आहे ना? मग बसा तिच्यापाशी. ते बोलायचे थांबले की मला फोन करा."

ॲम्ब्युलन्स गेली. मांडव रिकामा झाला. बोंगाणे घुटमळत जवळ आले.

"वाईट झालं, बाई. पण अपघात आतला आहे. ध्वनिनियमाचा भंग नाही. रात्री बाहेर काही म्हणजे काही ऐकू आलेलं नाही. तेव्हा मंजुरीवर सही..."

"पेन खाली ठेवा," रसाळबाई म्हणाल्या. "आणि गप्प बसा. तो बोलतोय."

दीड वाजता त्यानं पाणी मागितलं. पावणेदोनला त्यांच्या वडिलांना हाक मारली, "मास्तर, दिवा कमी करा." आणि मग, झोप लागू नये म्हणून असेल, तो गाऊ लागला. शब्द नव्हते. खर्जातला खरखरीत, थांबत-थांबत पुढे सरकणारा मालकंस. पडद्याआडून नुसतं ऐकून शिकलेला. डोक्यावर ऊन रणरणत होतं, आणि भिंतीत उत्तररात्र होती. बावीस वर्षं त्यांनी हेच मागितलं होतं. भिंतीनं ते ठरल्या वेळी, काही न सांडता आणून दिलं होतं.

दोन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"गेले," दुधभाते म्हणाल्या. "आत्ताच. खूप उशीर झाला होता." मागे इस्पितळाचा गलका होता. "तिथं थांबले का?"

"नाही. अजून गातोय."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला आणि मागचा गलका कमी झाला.

"थांबले की वेळ लिहून ठेवा," सिस्टर म्हणाल्या. आवाजात ओलावा नव्हता. "पोलीस विचारतील तुम्हाला. मीही विचारणार आहे." फोन बंद झाला.

दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी आलाप अर्ध्यावर तुटला. श्वास ऐकू आला. मग अगदी भिंतीला ओठ लावल्यासारखा जवळून आवाज आला, "मंदा, आहेस ना गं?"

त्यानंतर काही नाही.

रसाळबाईंनी वेळ लिहिली. मग त्या गुडघ्यांवर सरकत पुढे गेल्या आणि त्यांनी तापलेल्या भिंतीला गाल लावला.

"आहे रे, सोपान," त्या म्हणाल्या. "इथंच आहे."

हिशेब त्यांचाच होता, चुकणार नव्हता. रात्री पावणेतीनच्या सुमाराला, रिकाम्या, कुलूपबंद नाट्यगृहात त्यांचं हे उत्तर स्पष्ट ऐकू येणार होतं.