गोधडीतला बिनपाटाचा रंग

पांढरं धोतर पाण्यात बुडवलं आणि बाहेर काढलं, तर ते गुलाबी. पाण्यात कोणी रंग टाकला नव्हता. मग रंग आला कुठून? डोकं खाजवा जरा, तोवर मी बाकीचं सांगते.

आम्ही राहतो चंद्रावरच्या वस्तीत, जमिनीच्या पोटात. इथे हवा डब्यातली, पाणी खोदून काढलेल्या बर्फाचं आणि शेजारीण मात्र पृथ्वीवर असते तशीच. वस्तीतलं पहिलं बाळ आमच्याच घरी जन्माला येणार होतं, माझ्या धाकट्या सुनेला. आमच्यात बाळाला कोऱ्या कापडावर निजवत नाहीत. वापरून वापरून मऊ पडलेल्या लुगड्या-धोतरांची गोधडी शिवायची आणि तिच्यावर निजवायचं. चंद्रावर येताना सामान तोलून घेतात, म्हणून मी दोन लुगडी आणि ह्यांचं एक धोतर एवढंच आणलं होतं. हे यायचे राहिले, धोतर आलं.

मधोमध धोतर, भोवती लुगडी, अशी गोधडी मी शिवली. माझी नात कौमुदी म्हणाली, "आजी, फारच फिकी दिसते गं." आणि उत्सवाच्या पताकांचं उरलेलं कोरं लाल कापड आणून तिने कडेला लावलं. छान दिसलं. खोटं कशाला बोलू?

इथली धूळ काचेच्या चुऱ्यासारखी टोचते, म्हणून गोधडी धुवायला हवी होती. कौमुदीने ती घडी घालून एवढ्याशा टोपात भिजवली आणि शाळेला गेली. परत येऊन बघते तर धोतर गुलाबी.

शेजारच्या सगुणाबाई न बोलावता आल्या. "मूठभर मीठ घाल. मिठाने रंग पक्का होतो. माझ्या माहेरी असंच करायचे."

पोरीने मीठ घातलं. गुलाबी रंग आणखी गडद झाला. सगुणाबाईंना एकदम घरचं काम आठवलं.

कौमुदी ओली गोधडी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आजी, आजोबांचं दुसरं काहीच नाही ना इथे?"

"नाही," मी म्हटलं. खोटा धीर द्यायची मला सवय नाही. "रडून रंग जात नाही. वाळत घाल जा."

"कृपया वाळत घालू नये," दारातून आवाज आला. तो पाणक्या होता, घरोघरी पाणी वाटणारा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). पोट पिंपासारखं, मान नाहीच.

"तुला विचारलं कोणी, घागरतोंड्या?"

"कोणीही नाही, आजीबाई. पण कापड वाळलं की आलेला रंग तिथेच घर करतो. ओलं आहे तोवर उपाय आहे."

कौमुदीने डोळे पुसले. "पण रंग आला कुठून?"

"लाल कापडातून. रंग म्हणजे रेणूंची (डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची) गर्दी. कापड रंगवताना बरेच रेणू कापसाच्या तंतूंना (धाग्यातल्या बारीक केसांना) घट्ट धरून बसतात. काही नुसतेच टेकलेले असतात. ते पाण्यात सुटतात आणि शेजारच्या कापडावर जाऊन बसतात."

"पंगतच की," मी म्हटलं. "पाट मिळाला तो जेवायला बसला. बिनपाटाचा हिंडत हिंडत शेजारच्या घरात घुसला."

"पंगत मला ठाऊक नाही," पाणक्या म्हणाला. "उदाहरण बरोबर वाटतं."

कौमुदी विचारात पडली. "मग आजीच्या लुगड्यांचा रंग का नाही गेला?"

"ती पूर्वी धुतली होती का?"

"धुतली होती का म्हणे!" मी म्हटलं. "दगडावर आपटून आपटून विरली ती."

"म्हणजे त्यांतले बिनपाटाचे रेणू केव्हाच वाहून गेले. पताकेचं कापड मात्र एकदाही धुतलेलं नव्हतं."

जुनंच कापड का घ्यायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मऊपणासाठी घेतात, असंच मी धरून चालले होते.

"आणि मीठ?" कौमुदीने विचारलं.

पाणक्याने तिला दोन वाट्या मांडायला लावल्या. दोन्हींत पाणी, लाल चिंधी आणि पांढरी चिंधी. एकीतच मीठ. थोड्या वेळाने बघितलं, तर साध्या पाण्यातली पांढरी चिंधी जरा गुलाबी आणि मिठातली चांगलीच रंगलेली.

"कापूस आणि हे रंगाचे रेणू यांच्यावर पाण्यात एकाच जातीचा विद्युतभार (विजेचा अंश) असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. मिठाचे कण मधे येऊन ही ढकलाढकल कमी करतात. मग रंग कापसावर सहज बसतो. म्हणून रंगारी कापड रंगवताना मीठ घालतात."

"हां. भांडलेल्या जावांना शेजारी बसवणारी ती मध्यस्थीण," मी म्हटलं. "सगुणाबाई!"

कौमुदी हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

मग पाणक्याने उपाय सांगितला. पाणी गरम हवं, कारण उष्णतेने रेणू चुळबुळ करतात आणि टेकलेले असतील तर उठतात. साबण हवा, कारण साबणाचे रेणू सुटलेल्या रंगाला वेढून पाण्यातच धरून ठेवतात, परत कापडावर बसू देत नाहीत. आणि पाणी भरपूर हवं. गोधडी घडी न घालता मोकळी तरंगली पाहिजे.

"भरपूर म्हणजे किती?"

"दहा बादल्या. रंग उतरत राहिला तर आणखी दहा."

"आणि आम्हाला मिळतं किती?"

"दोन बादल्या."

"मग सांगितलंस कशाला, मेल्या?"

कौमुदीने टोपातलं गुलाबी पाणी बोटाने ढवळलं. "पाणक्या, सांडपाणी कुठे जातं?"

"गाळणीत. तिथे कोळसा असतो. त्याला असंख्य बारीक छिद्रं असतात. रंगाचे रेणू त्यांत अडकतात, पाणी पुढे जातं."

"म्हणजे स्वच्छ होतं? मग आमच्याच दोन बादल्या गाळून परत आमच्याच टोपात सोड ना! एका बाजूने रंगीत पाणी जाईल, दुसऱ्या बाजूने स्वच्छ येईल. दोनच बादल्या, पण फिरत राहतील."

पाणक्याच्या पोटात बराच वेळ घरघर झाली. "नियम पाणी खर्च करण्याबद्दल आहे. फिरवण्याबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नाही."

सगुणाबाईंकडचं पसरट घमेलं आणलं. त्यांनी मुकाट्याने दिलं. नळ्या जोडल्या. इथे पाणी पडतंसुद्धा सावकाश, एखाद्या आळशी माणसासारखं. गाळणी रंगाबरोबर साबणही गिळायची, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा घालावा लागला. कौमुदी मधूनमधून पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरायची. लाल, मग गुलाबी, मग उगाच शंका येण्याइतपत. शेवटी पेल्यातून पलीकडची भिंत स्वच्छ दिसली. तिने ओल्या लाल कडेवर पांढरा रुमाल दाबून धरला. रुमाल पांढराच राहिला. धोतरही पांढरं झालं होतं. तेव्हा कुठे पाणक्याने वाळत घालायची परवानगी दिली.

बाळ आलं. सगळी वस्ती बघायला लोटली. बाळाला गोधडीवर, मधल्या धोतरावर निजवलं आणि बाळाने लगेच आपलं काम केलं. सगळं ओलंचिंब. बायका हसल्या. कौमुदी हसली नाही. तिने बाळ उचललं, आधी धोतर पाहिलं, मग बाळाची पाठ. धोतर पांढरं होतं. पाठ बाळाच्याच रंगाची होती.

"पाणक्या," ती म्हणाली, "सगळ्याच रेणूंना पाट मिळेल, एकही उरणार नाही, असा रंग करता येईल?"

"तसा रंग मला ठाऊक नाही," पाणक्या म्हणाला.

ज्याला रंगाचं सगळं ठाऊक असतं, त्याच्या तोंडून हे ऐकून पोरगी फार खूश झाली. आता वस्तीतल्या बायका तिला चिंध्या आणून देतात, सगुणाबाईसुद्धा. ती त्या रंगवते, धुते आणि धुतलेलं पाणी पेल्यात घालून माझ्या नाकासमोर धरते. कालचं पाणी परवाच्यापेक्षा फिकं होतं.