कपातली अंगठी

“माझी अंगठी! अहो, माझी अंगठी कुठाय?”

पुढच्या टेबलावर एकटीच बसलेली, मोत्यांची माळ घातलेली स्त्री किंचाळली, तसे हॉटेलातले सगळे काटे-चमचे जागच्या जागी थांबले. मंचावर म्हातारा जादूगार पाव मोडून बघत होता. तिच्याकडून मागून घेतलेली अंगठी त्या पावातून निघायची होती. निघाला नुसता पाव, तोही शिळा.

“चोर आहे हा!” मॅनेजर गरजला. अंगात कडक कोट, पण छातीच्या खिशातला पांढरा रुमाल मात्र चुरगळून आत कोंबलेला. “पोलीस येईपर्यंत हा इथून हलणार नाही. बाकीच्यांना त्रास नको. बिलं टेबलावर आहेत. भरा आणि खुशाल निघा!”

दाराशी पैसे भरायला झुंबड उडाली.

कोपऱ्यातल्या टेबलावर बाई मात्र बसून राहिल्या. त्यांचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला होता. वर्गात गोंधळ उडाला की त्या आधी पाहत, गोंधळ हवा कोणाला आहे?

“वन्सं, उठा ना,” भावजय म्हणाली. “नसतं लचांड मागे लागायचं.”

“बिल वाचलंस का?”

भावजयीने वाचलं आणि तिचा पारा चढला. “ब्रंच आणि शो, एकच दर, अशी जाहिरात केली होती मेल्यांनी! मग हे खुर्चीचं शुल्क कसलं? शोचं वेगळं, पाण्याचं वेगळं! खायला काय, तर गार अंडी. खरकट्या बशा उचलायला माणूस नाही, आणि तो मॅनेजर मघाशी एकच कप हातात घेऊन मिरवत होता.”

“मागच्या खेपेला या बिलावरून एकाने बशी फोडली,” जवळून जाणारा वाढपी पुटपुटला.

“आणि आज कोणी चकार शब्द काढत नाही,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

मोत्यांच्या माळेची स्त्री डोळे पुसत होती. तिच्या टेबलावर फुलं होती, सरबत होतं, बिल नव्हतं. बाई तिला ओलांडून मंचापाशी गेल्या.

“जादूगारबुवा, अंगठी कुठे लपवली होती?”

“ते नाही सांगायचं, बाई. गुपित फोडलं तर उद्या मला कोण बोलावणार?”

“आणि चोर ठरलात तर कोण बोलावणार?”

म्हातारा हळूच म्हणाला, “कॉफीच्या कपात. तळाशी थोडी कॉफी ठेवतो, म्हणजे अंगठी वाजत नाही. पाव उचलताना काढायची. टेबलांमधून रुमाल दाखवत फिरून आलो, तर कपच गायब.”

“हे आणखी कोणाला ठाऊक?”

“सकाळी तालमीला मॅनेजरसाहेब होते फक्त. पण त्यांच्यापुढे माझं कोण ऐकणार?”

“ओ म्हातारबाई!” मॅनेजर धावत आला. “जागेवर बसा. शाळा नाही ही.”

“दिसतंच आहे. शाळेत खुर्चीचे पैसे घेत नाहीत.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. दाराशी रांग थबकली.

“आता नीट ऐका सगळे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “खरी चोरी झाली तर आधी दार लावतात, झडती घेतात. इथे पैसे भरेल तो मोकळा! म्हणजे यांना अंगठी शोधायची नव्हती. तुम्ही बिल न वाचता पळावं, एवढंच हवं होतं. अंगठी कपात होती. ज्यांनी सकाळपासून एक बशी उचलली नाही, त्यांनी तेवढा कप उचलला. आणि जिची अंगठी गेली, तिच्या टेबलावर बिलच नाही. घरच्या माणसाला कोण बिल देतं?”

मोत्यांची माळ उठून उभी राहिली. “मी सांगितलं होतं तुम्हाला, हे नाटक नको म्हणून!”

“गप्प बस!” मॅनेजर खेकसला, आणि नवऱ्याचा तो सूर सगळ्यांनी ओळखला.

“ओली अंगठी पुसायला काहीतरी लागलंच असेल,” बाई म्हणाल्या. “खिशातला रुमाल काढा बघू.”

“नाही काढणार!”

वाढप्यानेच तो ओढला. तपकिरी डागांचा रुमाल उलगडला आणि अंगठी टणकन फरशीवर पडली.

मग जे उसळलं, त्यात बिलं भिरकावली गेली, शिव्या दिल्या गेल्या, भावजयीने तर चमचा उगारला. मॅनेजर खांबाला टेकला. “काय हवंय तुम्हाला? शुल्क काढतो. सगळी काढतो.”

“ती काढालच. आधी यांची माफी मागा. चोर म्हणालात ना?”

मॅनेजर जादूगाराकडे न बघता ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

बाईंनी मंचावरचा माईक उचलून त्याच्या हातात दिला.

“मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं नाही,” त्या म्हणाल्या. “पुन्हा म्हणा.”