काकूंचा फोन

कानात फोनचं यंत्र अडकवून रस्त्याने बडबडत जाणाऱ्या माणसांचा काकांना मनापासून राग होता, आणि त्याला कारणही होतं. या गावात नवीन राहायला आले तेव्हाची गोष्ट. पावाच्या दुकानात रांगेत उभे असताना पुढचा माणूस एकदम वळला आणि तोंडभर हसून म्हणाला, "काय, जेवण झालं का?" इतक्या आपुलकीने कुणी विचारून काकांना बरेच दिवस झाले होते. ते म्हणाले, "नाही हो अजून. तुमचं?" त्या माणसाच्या कपाळावर आठी चढली. त्याने बोटाने स्वतःचा कान दाखवला आणि पाठ फिरवली. गल्ल्यावरची बाई तोंडावर हात ठेवून हसली. काका पाव न घेताच घरी आले. आपल्याशी कुणी बोलत नाही हे ठाऊक असणं वेगळं आणि ते चार लोकांत कळणं वेगळं, असं त्यांना वाटलं.

तेच यंत्र पुढे त्यांच्या कानात आलं ते इस्त्रीमुळे.

काका पडद्यांना इस्त्री करत. हॉटेलांचे, सभागृहांचे, मोठमोठ्या खिडक्यांचे पडदे शिवणारा तो कारखाना होता. कारखाना म्हणायचा इतकंच. एक लांबलचक खोली, वर पत्रा, भिंतींना टेकून उभे केलेले कापडाचे तागे. मालकीणबाई कापड कापायच्या, ताई मशीनवर शिवायची, एक टक्कल पडलेला गमत्या गृहस्थ पडद्यांना वरून कड्या बसवायचा म्हणून त्याला सगळे कडीवाला म्हणायचे, आणि शेवटी सगळा माल काकांच्या टेबलावर यायचा. खोलीत एवढं कापड, की आवाज घुमायचाच नाही. ताईने मशीन थांबवलं की अशी काही शांतता पडायची, की इस्त्रीतल्या पाण्याची चुळबुळसुद्धा ऐकू यावी.

एक दिवस परदेशातून मुलीचा फोन आला. काकांनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, "बरा आहे गं, जेवतो वेळेवर," असं सांगण्यात गुंगले, आणि इस्त्री जांभळ्या मखमलीवर तशीच राहिली. वास आला तेव्हा उशीर झाला होता.

"काका," मालकीणबाई जळलेला तुकडा उन्हाकडे धरून म्हणाल्या, "एक तर फोन बंद ठेवा, नाही तर कानात ते घाला. माझ्या मखमलीला तिसरा पर्याय परवडत नाही."

काकांनी ते घेतलं. सुरुवातीला कानात हरभरा अडकल्यासारखं वाटायचं. पण सोय होती, हे कबूल करावंच लागलं. दोन्ही हात मोकळे राहायचे. कारखान्यात सगळेच ते घालायचे आणि दिवसभर आपापल्या घरी बोलत राहायचे. ताई शाळेतून आलेल्या मुलांना दटावायची, कडीवाला बायकोला भाजीचे भाव विचारायचा. ज्याच्या कानात यंत्र आहे त्याला मधेच हाक मारायची नाही, असा तिथला शिरस्ताच पडून गेला होता. त्यामुळे चौघं एका खोलीत असूनही खरं तर चार घरं तिथे नांदत होती.

काकांच्या कानातलं यंत्र मात्र मुकं होतं. मुलगी फोन करायची ती फक्त रविवारी.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. ती गेली त्या घरात राहवेना, म्हणून काका या नव्या गावात आले होते. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळे ती गेली हेही कुणाला माहीत नव्हतं. घरी काका तिच्याशी बोलायचे. दार उघडताना, दूध तापवताना, सहज, हळू आवाजात. कारखान्यात ओठ दाबून बसावं लागायचं. कानात यंत्र आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आता ओठ दाबायची गरज नाही. कानात काही असलं की हवेत बोलणाऱ्याला कुणी वेडा म्हणत नाही.

"अगं, हा रंग बघ," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "पिवळा म्हणतात याला. तुझ्या मोरंब्याचा रंग बरा होता."

ताईने मशीनवरून मान वर केली आणि ओठ हलवून नुसतंच विचारलं, काकू? काकांनी मान डोलावली. काही लपवायचं म्हणून नव्हे. ते काकूंशीच बोलत होते.

मग दिवस बरे जाऊ लागले. काका बोलायचे आणि मधे थांबायचे, तिला बोलायला जागा ठेवायचे. तिची उत्तरं त्यांना पाठ होती. ती काय म्हणेल ते मनात म्हणून झालं की पुढचं वाक्य. एकच गोष्ट जमत नव्हती. तिचे शब्द आठवायचे, पण आवाज आठवायचा नाही. डोळे मिटून, इस्त्री उभी करून ते प्रयत्न करायचे. शब्द यायचे ते काकांच्याच आवाजात यायचे. ती पुन्हा भेटावी असलं काही त्यांनी मागितलं नसतं, तेवढी अक्कल त्यांना होती. आवाज एकदा कानी पडावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते मात्र अगदी तहानेसारखं हवं होतं.

एका दुपारी कडीवाला म्हणाला, "काका, आवाज जरा कमी करा की. काकूंचं सगळं ऐकू येतंय आम्हाला."

काका हसले. हा माणूस ज्याची त्याची फिरकी घ्यायचा. परवाच त्याने मालकीणबाईंना त्यांच्या कात्रीचं लग्नाचं वय झाल्याचं सांगितलं होतं.

"काय म्हणाली मग काकू?" त्यांनी विचारलं.

"मला काय, नवराबायकोतलं आपण ऐकू नये," असं म्हणून तो पुन्हा कड्यांकडे वळला. हसला मात्र नाही.

दोन-तीन दिवसांनी काका पांढऱ्या पडद्याची झालर सरळ करत असताना ताई एकाएकी फिसकन हसली. मग ओशाळून म्हणाली, "सॉरी हं काका. मशीन बंद होतं ना, म्हणून कानावर आलं. काकू म्हणाल्या, बनियन आजही उलटंच घातलंय."

काका मोरीत गेले. दार लावून शर्टाची बटणं काढली. बनियनची शिवण बाहेर होती.

बराच वेळ ते नळ सोडून उभे राहिले. मग त्यांनी कानातलं यंत्र बोटाने आणखी आत दाबलं आणि ऐकलं. नळाचं पाणी ऐकू येत होतं. भिंतीपलीकडे कडीवाल्याचा हातोडा ऐकू येत होता. कानात काही नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. फोन उशीजवळ पडलेला होता. सकाळी न्यायलाच विसरले होते. तो बंद पडला होता, बहुधा आदल्या दिवसापासूनच.

काका पलंगाच्या कडेवर बसले. भीती वाटायला हवी होती. वाटली ती वेगळीच गोष्ट, आणि ती त्यांनी स्वतःशी कबूल करून टाकली. त्यांना मत्सर वाटला. ताईला ऐकू येतं. त्या टकल्याला ऐकू येतं. तीस वर्षं जिच्या शेजारी झोपलो तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, मलाच येत नाही.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आणि कडीवाला माल पोचवायला गेल्यावर काका ताईच्या मशीनपाशी आले.

"ताई, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"विचारा की."

"तिचा आवाज कसा आहे?"

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. "काकूंचा? असं काय विचारता?"

"सांग तर."

"थोडा बसल्यासारखा आहे. सर्दी झालेल्या माणसाचा असतो तसा. आणि हसायच्या आधी त्या नाक ओढतात."

काकांनी मशीनच्या कडेचा आधार घेतला. नाक ओढते. हे ते साफ विसरले होते. वर्षभर आठवायचा प्रयत्न करून जे हाती लागलं नव्हतं, ते या परक्या बाईने दोरा ओवता ओवता सांगितलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

त्यांनी यंत्र कानातून काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"घाल. आणि सांग, काय म्हणते ती."

ताईला ते जिवावर आलं होतं, दिसतच होतं. पण तिने ते घेतलं, कापडाच्या चिंधीने पुसलं आणि कानात घातलं. तिची मान थोडी कलली.

"विचारतायत, तुम्ही उत्तर का देत नाही."

"मी?" काकांचा आवाज चढला. "दिवसभर बोलतो तिच्याशी!"

ताई ऐकत राहिली. "त्या म्हणतात, बोलता. पण त्या विचारतात त्याचं उत्तर देत नाही. भलतंच काहीतरी बोलत राहता."

"काय विचारते? सांग ना."

आता ताई नुसती ऐकत होती. मधे एकदा ती, "हो," म्हणाली. मग, "नाही, त्यांना नाही माहीत." तिचा हात मशीनच्या चाकावर होता. तो तिने काढून मांडीवर ठेवला.

शेवटी तिने यंत्र काढून काकांच्या तळहातावर ठेवलं.

"तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतंत," ती म्हणाली.

"काय?"

"काकू नाहीत ते. त्यांनीच सांगितलं आत्ता."

"आणखी काय म्हणाली?"

"काही नाही काका." ती उठली. "बसा तुम्ही. मी चहा टाकते."

त्या दिवसापासून कारखान्यात सगळे काकांशी फार चांगले वागू लागले.

जड पडदे कडीवाला आपणहून उचलून टेबलावर आणून द्यायचा. त्याने फिरकी घेणं सोडून दिलं. मालकीणबाई हिशेबी बाई, त्यांनी काकांना उन्हाच्या वेळी घरी जायची मुभा देऊन टाकली, आणि एकदा जाता जाता म्हणाल्या, "काका, तुमच्या मुलीचा नंबर माझ्याकडे असू द्या." का, ते सांगितलं नाही. काकांनीही विचारलं नाही.

काका बोलायचे तेव्हा आता ताईचं मशीन थांबलेलं असायचं. तिघंही कामाकडे बघत राहायचे, पण कामं पुढे सरकायची नाहीत. कधी ताईचा चेहरा उजळायचा, कधी मालकीणबाई घसा खाकरायच्या. एकदा तर तिघांनाही एकाच वेळी हसू आलं. काका वाकलेले तसेच राहिले. आपल्याच घरातल्या पंगतीला आपण दाराबाहेर उभे आहोत, असं त्यांना झालं.

"काय म्हणाली?" ते विचारायचे.

"काही नाही, असंच," कुणीतरी म्हणायचं.

"मला सांगायचं नाही असं म्हणालीय का ती?"

यावर ताई मशीन सुरू करायची.

मग एका सकाळी काकांनी ठरवलं. सकाळ चांगली होती. खिडकीतून ऊन आलं होतं, टेबलावर कुठल्याशा सभागृहाचा पांढरा पडदा पसरलेला होता, वाफेला नव्या कापडाचा वास होता. त्यांनी इस्त्री उभी केली. यंत्र नीट बसवलं.

"अगं," ते म्हणाले.

ताईचं मशीन थांबलं.

"या सगळ्यांना तू ऐकू येतेस. माझी तक्रार नाही. पण मलाही एकदा ऐकायचंय गं. फार एकटं वाटतं. तू काय विचारतेस ते मला कळत नाही, नाही तर उत्तर दिलं असतं. जे काय विचारत असशील त्याला माझं हो आहे."

ताईने तोंडावर हात ठेवला.

काका थांबले. नेहमीसारखी तिला बोलायला जागा ठेवली. कानात काहीच नव्हतं.

"मला तुझा आवाज कधी ऐकू येईल?" त्यांनी विचारलं. "तेवढं सांग."

खोलीत कुणी हललं नाही. कापडाने सगळे आवाज पिऊन टाकले होते. काका श्वास रोखून ऐकत राहिले, आणि त्यांना काही ऐकू आलं नाही.

मग ताईने, कडीवाल्याने आणि मालकीणबाईंनी, तिघांनी एकदमच मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काका," मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "जरा बसून घ्या."