ढेकरकाकांचे साठ जीबी

बसा, सांगतो. पण आधी हातातलं खाऊन घ्या, नंतर ते घशाखाली उतरायचं नाही.

आमच्या हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात कोणाचा कॉम्प्युटर ठरलेला नसतो. कुठल्याही मशीनवर नाव-पासवर्ड टाकला, की आपल्या फायली, आपली सगळी मांडणी सर्व्हरवरून तिथे येते. उठलं की परत जाते. या बिऱ्हाडाला प्रोफाइल म्हणतात. माणशी दोन जीबी जागा. ती राखायचं काम माझं.

सोमवारी सकाळी सर्व्हर भरला. पाहतो तर एकट्या ढेकरकाकांचं प्रोफाइल साठ जीबी! काका आमचे जुने कारकून. कीबोर्डवर डबा उघडून जेवायचे, बोटं चाटायचे आणि त्याच बोटांनी टाइप करायचे. ढेकर तर असा, की शेजारचा आपोआप खुर्ची सरकवायचा. मला त्यांची भयंकर किळस यायची, खोटं कशाला बोलू? तीन महिन्यांपूर्वी ते खुर्चीतच गेले. मेलेल्या माणसाचं बिऱ्हाड वाढतंय कसं?

फोल्डर उघडला. हजारो फोटो, स्क्रीनवरच्या कॅमेऱ्याने काढलेले. प्रत्येकात फक्त तोंड. चघळणारं, लाळेनं ओलं... खाली खाली जावं तशी मिशी विरळ होत गेली, ओठ बारीक झाले. शेवटच्या फोटोतला पुढचा तुटका दात मी ओळखला. तो माझ्या भाचीचा होता.

मी फोल्डर झटकन बंद केला.

भाचीला महिन्यापूर्वी मीच इथे चिकटवलं होतं. नवं प्रोफाइल करायला अर्धा तास जातो, म्हणून आम्ही जुन्या माणसाच्या प्रोफाइलची नक्कल करतो, तिच्यातल्या फायली काढतो आणि नाव बदलतो. तिच्यासाठी मी नक्कल केली ती काकांच्या प्रोफाइलची. आळस, दुसरं काय!

धावत खाली गेलो. भाची एकटीच बसली होती. कीबोर्डवर पिवळट तवंग, आणि वास... नासलेल्या दुधाचा.

“मामा,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “मी काही खात नाही हो इथे... तरी तोंड सारखं हलतं.”

“घाबरू नकोस. ऊठ आधी.”

“उठताच येत नाहीये... मामा, काहीतरी करा ना...”

शेजारच्या मशीनवर बसलो आणि दोन्ही प्रोफाइल पुसून टाकली, काकांचं आणि तिचंही. तिला नंतर कोरं करून देणार होतो. बोटं कळांना चिकटत होती. मागे ती ओली मचमच चालूच होती. मग ती थांबली. मी हुश्श केलं.

“बरं वाटतंय ना, बाळा?”

भाचीने मनगटाने तोंड पुसलं आणि निवांत माझ्याकडे पाहिलं.

“उत्तम, साहेब. तुमच्या भाचीला इथे लावणार होतात ना? कधी येतेय ती?”

मी स्क्रीनकडे वळलो. पुसली दोन होती. जागा मात्र एकच जीबी मोकळी झाली होती, महिन्याभराच्या नव्या माणसाची भरते तेवढीच; काकांचे साठ जागचे हलले नव्हते.