राजा थांबला

शेवटचं चित्रमुद्रण आटोपून बापू रंग न उतरवताच काचेच्या खोलीत येऊन बसले. डोक्यावर राजाचा टोप, हातात चहाची बशी. कोल्हापूरच्या नाट्यपट प्रयोगशाळेतली ती दुपार रोजच्यासारखीच होती.

“हं, चुका सांग,” ते म्हणाले.

त्यांची लेक इरावती नुकतीच विंगेतून उठून आली होती. परकरात होती तेव्हापासून ती बापूंचा प्रत्येक प्रयोग विंगेतल्या ट्रंकेवर बसून बघायची आणि पडदा पडला की चुका सांगायची. कौतुक करायला गाव होतं. चुका सांगणारी ती एकटीच होती.

“दुसऱ्या अंकात आवाज फाटला.”

“फाटला नाही गं, फाडला.”

“आणि शेवटी फार थांबलात. पडद्यावर मी ते कापणार.”

‘वज्रदंड’ या जुन्या शोकांतिकेचा राजा रुद्रसेन न्यायाला जागून पोटच्या मुलीला देहदंड देतो. शेवटी तिचं प्रेत विंगेकडे नेलं जातं. तो म्हणतो, “न्याय झाला. आता उजेड काढून घ्या.” मग नुसता उभा राहतो आणि कोसळतो. या नाटकाची पटकथा इरावती लिहीत होती.

“रंगमंचावर शांतता भरते, बापू. पडद्यावर ती नुसती लांबते.”

“लांबू दे. मला तिथं थांबावंच लागतं.”

“आणि कापता येणारही नाही,” प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. नौशाद मुजावर हसत म्हणाले. “हा साधा चित्रपट नाही, प्रतिसादपट आहे. नाटकाचा सिनेमा केला की नाटक मरतं, कारण कॅमेऱ्याला कान नसतात. नट मात्र सतत ऐकत असतो. कोण खोकलं, कुठं सन्नाटा पसरला, त्यावर त्याचं पुढचं वाक्य ठरतं. आम्ही इतके प्रयोग मुद्रित केले ते त्यासाठीच. सभागृहात, विंगेत, सगळीकडे श्वासग्राहक लावले. काय ऐकलं की बापू काय करतात, एवढंच यंत्र शिकतं. पडद्यावरचा राजा समोरच्यांचे श्वास ऐकून तसाच वागेल.”

“म्हणजे कुणाचं पोर रडलं, तर तो माझ्यासारखाच डोळे वटारणार?”

“हुबेहूब!”

“झालं! मेल्यावरही सुटका नाही म्हणायची.” बापू खो खो हसले. बशीतला चहा सांडला म्हणून इरावती त्यांना रागावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी करता करता, बापू गेले.

पुढे कित्येक महिने ती पटकथेकडे वळली नाही. वळली तेव्हाही ते थांबणं कापायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. पहिला खेळ प्रयोगशाळेच्या प्रेक्षागृहात ठरला. बापूंचे जुने सहकारी, शेजारी, नाटकवेडी मंडळी जमली. इरावती पहिल्या रांगेत बसली, चारचौघांत डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही असं ठरवूनच.

पडदा उजळला आणि बापू बोलू लागले. मागं कुणी कुजबुजलं तशी त्यांनी मान किंचित वळवली. ती कुजबुज तिथल्या तिथं विरली. दुसऱ्या अंकात आवाज फाडला तो नेमका आजच्या प्रेक्षागृहाला पुरेल इतका. इरावतीला वाटलं, हात पुढे केला तर अंगरख्याची कड हाताला लागेल.

शेवटचा प्रवेश आला. “न्याय झाला. आता उजेड काढून घ्या.”

राजा थांबला. मागे हुंदके फुटले, उसासे ऐकू आले. राजा थांबलेलाच. लोक आधी भारावले, मग चुळबुळले, शेवटी उठून हळूहळू बाहेर पडले. राजा उभाच होता, विंगेकडे कान देऊन.

“यंत्र अडकलं का?” तिनं विचारलं.

मुजावर नियंत्रण खोलीतून आले ते ओशाळलेल्या चेहऱ्यानं. “नाही. ते वाट बघतंय. आत्ताच सगळी मुद्रणं ताडून पाहिली. भरल्या सभागृहानं उसासे टाकले तरी बापू तिथं कधीच हलले नव्हते. विंगेतून एक श्वास यायचा. बराच वेळ कोंडून धरलेला, तुटत सुटलेला. तो आला की मगच ते कोसळायचे.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “विंगेत तुम्हीच असायचात ना?”

इरावतीला आठवलं. तोंडावर पदर दाबून, आवाज होऊ न देता सोडलेला श्वास. मग डोळे पुसायचे, चेहरा कोरडा करायचा आणि चुका सांगायला जायचं. तिला वाटायचं, कुणाला पत्ता नाही.

“आणि आज मी तो सोडलाच नाही,” ती म्हणाली.

“हो. म्हणून ते उभे आहेत.”

“किती वेळ उभे राहतील?”

“तुम्ही म्हणाल तितका.”

ती पडद्याजवळ गेली. बापूंच्या गळ्याची शीर उडत होती. आज रात्रभर, उद्याही, ती तो श्वास कोंडून ठेवील तोवर ते जाणार नव्हते.

“मी काही बोलले तर त्यांना कळेल?”

“शब्द नाही कळायचे, इरावतीताई. त्या जागी तुमचा शब्द यंत्रानं कधी ऐकलेलाच नाही. पण मनातलं बोलायचं म्हणजे तो कोंडलेला श्वास सोडावाच लागतो. तो मात्र ऐकेल.”

मुजावर मागच्या मागे बाहेर गेले. त्यांनी दार ओढून घेतलं.

श्वास कोंडून ती बापूंकडे बघत राहिली. छातीत दुखू लागलं. मग तिनं पडद्यावरच्या त्यांच्या पावलाशी हात टेकला.

“बापू,” ती म्हणाली, “दर वेळी रडायचे मी.”