मुंगीला लागणारा वेळ

ऑफिसात तिला सगळे कासव म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं. बाकीचे लोक वेबसाइटची पानं बनवायचे, ही त्या पानांना मुद्दाम रखडवायची. आपल्या मशीनची इंटरनेट लाइन अगदी बारीक करायची, पान मागवायचं, आणि ते पडद्यावर कसं भरत जातं ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. दर काही क्षणांनी पडद्याचा फोटो आपोआप निघे. ते फोटो ओळीने मांडले की कुठे काय अडलं ते कळायचं.

पान कधीच अख्खं येत नाही. ब्राउझर आधी नुसता मजकूर मागवतो, तो वाचतो, त्यात आणखी काय काय हवं म्हणून लिहिलंय ते बघतो, आणि मग रंग, अक्षरं, चित्रं मागवत बसतो. घर बदलताना टेम्पोतून सामान उतरावं तसं. जे आलं नाही त्याची जागा तोवर रिकामी. मोठं चित्र तर फेऱ्यांनी येतं. पहिल्या फेरीत डाग, दुसरीत आकार, तिसरीत चेहरे.

तिची साडेचार वर्षांची मुलगी, मुंगी, दोन चौक पलीकडच्या पाळणाघरात असे. पाळणाघराच्या पानावर रोज दुपारी मुलांचा ताजा फोटो लागे. सोमवारी जेवता जेवता तिने तो उघडला. लाइन बारीक केलेलीच होती. निळी भिंत आली, अकरा खुर्च्या आल्या, दहा डाग आले. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. दुसऱ्या फेरीत डागांना हातपाय फुटले. तिसरीत दहा चेहरे हसले. आणि सगळं स्वच्छ झाल्यावर, मागून, खिडकीजवळच्या खुर्चीत मुंगी आली. एक मोजा खाली घसरलेला.

शेजारच्या टेबलावर सर्व्हर सांभाळणारे काका बसत. रिटायर व्हायला आलेला, थंड डोक्याचा माणूस. तिने त्यांना बोलावलं. त्यांनी फोटोंची ओळ दोनदा पुढेमागे केली.

"असं होत नाही गं," ते म्हणाले. "चित्र सगळं मिळून स्वच्छ होतं. एकच जण मागे नाही राहत."

"राहिलीय ना पण."

"आणि हे बघ. मुंगी खुर्चीला टेकून बसलीय. मग तिच्या पाठीमागचा खुर्चीचा भाग आपल्याला आधी दिसला कसा? फोटोत तो नाहीच आहे." काकांनी चष्मा काढला आणि उगाच पुसला. "फाइलीत काहीतरी घोळ असेल. काढून टाक डोक्यातून."

डोक्यातून काढून टाकायला ती काय टोपी होती? मन चिंती ते वैरी न चिंती. मंगळवारी तिने नवा फोटो चार मशीनवर उघडला. चारही ठिकाणी मुंगी शेवटी, दीड सेकंद मागून.

बुधवारी तिने लाइन पूर्ण मोकळी सोडली. पापणी लवायच्या आत पान उघडलं. दहा मुलं, एक रिकामी खुर्ची.

एक. दोन. तीन. मग मुंगी.

म्हणजे दोष लाइनीचा नव्हता. आपण घाबरलोय हे तिने स्वतःशी सरळ कबूल केलं आणि पाळणाघरात फोन लावला.

"बाई, मुंगी बरी आहे ना?"

"हो, मजेत आहे. ही काय, इथेच..." बाई थांबल्या. मागे मुलांचा गलका चालू होता. "एक मिनिट हं. आत्ता तर होती." गलका चालूच राहिला. "हां, आहे की! समोरच बसलीय, चित्र रंगवतेय. माझंही वय झालं बघा."

बाई सव्वीस वर्षांच्या होत्या.

काम तसंच टाकून ती पाळणाघराकडे जवळजवळ धावतच गेली. मुंगी दारातच भेटली, गुटगुटीत, बोटांना हिरवा रंग लागलेला. तिने तिला इतकं घट्ट धरलं की मुंगीच म्हणाली, "आई, दुखतंय." घरापर्यंत तिने तो हात सोडला नाही. जिना चढून बेल वाजवली. मुंगीच्या बाबाने दार उघडलं.

"आज लवकर? आणि मुंगीला नाही आणलंस?"

मुंगी त्याच्यासमोर उभी होती. तिचा हात आईच्या हातात होता.

"भलती थट्टा करू नकोस," ती म्हणाली.

"कसली थट्टा?" तो जिन्यात डोकावला, वळला, आणि मग त्याची नजर खाली आली. "अगं लबाडे! लपली होतीस होय?"

मुंगी हसली नाही. "मी नाही लपले, बाबा. थोडं थांबावं लागतं. हलायचं नाही, मग दिसते मी."

"कोणी सांगितलं तुला हे?" आईने विचारलं.

"कोणी नाही. मला माहितीये."

बाबा हसत आत गेला. तिला स्वतःला मुंगी अजून समोर असली की लगेच दिसत होती. तेवढाच एक धीर होता, आणि तो ती सारखा तपासत राहिली. मुंगी या खोलीतून त्या खोलीत गेली की ही मागोमाग. दिसली की जीव भांड्यात पडायचा.

गुरुवारी सकाळी तिने ग्लासात दूध ओतलं, त्यात पारदर्शक नळी घातली आणि हाक मारली. पावलं वाजली. खुर्ची मागे सरकली.

खुर्चीत कोणी नव्हतं.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. पाच. दहा. वीस.

"मुंगी?"

"काय गं आई?" आवाज खुर्चीतूनच आला. नेहमीचा, थोडा झोपाळू.

हात पुढे करून बघावं असं तिला वाटलं. पण हाताला काहीच लागलं नाही तर, या भीतीने तो उचलेना.

चाळीस. पन्नास. साठ.

नळीतून दूध वर चढलं, टोकाशी आलं, आणि तिथून पुढे दिसेनासं झालं.